झुल्याची करकर: आवाज वर, दुखणं खाली

तेल टाकलं की झुला गप्प बसतो. आठ-दहा दिवस बरे जातात. मग एखाद्या संध्याकाळी पुन्हा सुरू: करर्र… टक. करर्र… टक. पुन्हा तेल, पुन्हा आठ दिवस. आमच्या गच्चीवर हा खेळ दीड वर्ष चालला. झुला म्हणजे छताला टांगलेला नव्हे. खाली लोखंडी कडं, त्यावर उभा राहून वर वाकलेला खांब आणि त्याला लटकलेली अंड्याच्या आकाराची टोपली, असला. तुमच्याकडेही हाच प्रकार असेल तर तेलाची कुपी आधी बाजूला ठेवा. आमच्याकडे निम्मं नुकसान तिनंच केलं.

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो, दुसऱ्या मजल्यावर, वर आमचीच गच्ची. झुला घेतला आईसाठी. छताला हूक ठोकायला स्लॅबला भोक पाडावं लागतं आणि त्याला बाबा मरेपर्यंत तयार झाले नसते, म्हणून हा उभ्या खांबाचा. खोक्यावर छापलं होतं १२० किलो. आई पंचावन्न किलोची. काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही.

पहिला पावसाळा गेला आणि आवाज लागला. "काहून करकर करून राहिला हा?" म्हणत आईनं हाताशी असलेलं खोबरेल तेल हुकात सोडलं. ऑक्टोबरभर शांतता. डिसेंबरात पुन्हा करकर, आणि हुकात बघितलं तर पांढरी मेणचट गोळी. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि आपल्या नागपुरात त्या दिवसांत पहाटे स्वेटरशिवाय गच्चीवर जाता येत नाही. पुढे शिलाई मशीनचं तेल आणलं. ते इतकं पातळ की साखळीवरून ओघळून गादीवर उतरलं, डाग अजून आहे. मग हार्डवेअरवाल्याकडून गंज सोडवायचा फवारा. तो खरं तर अडकलेला नट सुटावा म्हणून असतो, टिकाऊ वंगण म्हणून नाही, हे मला फवारा अर्धा संपल्यावर कळलं. तीन तेलं झाली, नंतरच्या दोघांचा गुण तर आठवडाभराचाच.

एका रविवारी बाबांनी घरातला सगळ्यात लांब स्क्रूड्रायव्हर काढला. बाबा अजनीच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालेत, त्यामुळे यंत्राचा आवाज त्यांना निव्वळ कानानं ऐकवत नाही. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची, टोक संशयाच्या जागी. मला म्हणाले, "तू बस अन् हळूहळू झुल." मी झुलत राहिले, बाबा वाकून एकेक जोड ऐकत गेले. हुकाशी टोक लावलं, मान हलवली. स्प्रिंग, साखळी, वाकलेल्या दांड्याचा जोड. मग गुडघे टेकून खांब जिथे दोन तुकड्यांत जोडलाय तिथे, आणि शेवटी अगदी तळाच्या कड्याशी. तिथे थांबले. "आवाज वरून येऊन राहिला," म्हणाले, "पण वाजून राहिला खाली."

पोकळ पाइप म्हणजे एक प्रकारची सनईच. खालच्या जोडात घासलं की आवाज पाइपातून चढतो आणि बसणाऱ्याच्या डोक्याशी, हुकापाशी, ऐकू येतो. म्हणून सगळे हुकाला तेल पाजतात. तुम्ही हा प्रयोग जरूर करा, दोन माणसं आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. फक्त बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांपासून लांब ठेवा, आणि झुलणाऱ्यानं खरंच हळू झुलावं. आमच्या आईला हळूची व्याख्या समजावून सांगावी लागते.

गच्ची सपाट नसते

आता मूळ दुखणं. पावसाचं पाणी मोरीकडे जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो, चांगल्या बांधकामात साधारण मीटरमागे एक सेंटीमीटर. डोळ्याला दिसत नाही. पण आमच्या झुल्याचं कडं मीटरभर रुंद आहे, म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा सेंटीमीटरभर खाली. हूक जमिनीपासून जवळपास दोन मीटरवर, तिथे तोच कल दुप्पट होतो, दोन सेंटीमीटर. वाकलेल्या दांड्याचं तोंड उताराकडे असेल तर सगळा भार त्या दिशेनं पुढे सरकतो. आणि आमचं तोंड अर्थातच उताराकडे होतं, कारण तिकडून शेजारचं कडुलिंबाचं झाड दिसतं.

त्यात गच्चीवरच्या फरशीच्या तुकड्यांना खाचखळगे. मग कडं पूर्ण टेकतच नाही, तीन ठिकाणी टेकतं आणि चौथीकडे केसभर अधांतरी. प्रत्येक झोक्याला ते केसभर उचलतं आणि टेकतं. ते "टक" म्हणजे हे. खांबाच्या जोडाला दर झोक्याला पीळ बसतो, नट हळूहळू सैल होतो, पाइपात पाइप घासायला लागतो. ती "करर्र". घासून पावडर कोटिंग, म्हणजे कारखान्यातूनच आलेला रंगाचा थर, निघालं की आत उघडं लोखंड, त्यावर पाऊस, मग गंज. गंजाची पूड वाळूसारखी, ती आणखी घासते. यात तेल गेलं की दोन-चार दिवस गुळगुळीत, पण त्याच तेलाला गच्चीवरची धूळ चिकटते आणि घासकामाचा मस्त मसाला तयार होतो. वर तेलकट आट्यांवरचा नट कोरड्यापेक्षा लवकर फिरतो. म्हणून दर वेळी करकर आधीपेक्षा थोडी मोठी होऊन परत येत होती.

तपासायला स्पिरिट लेव्हल असेल तर उत्तम. नसेल तर कड्यावर आडवी सरळ फळी ठेवून तिच्यावर ताटात पाणी ठेवा. पाणी एका काठाशी जास्त दिसलं की समजलं. फळी मग काटकोनात फिरवून पुन्हा बघा, उतार तिरकाही असू शकतो. याशिवाय टोपली काढून हुकाला दोरी बांधा आणि टोकाला वजन, गवंड्याचा ओळंबा असतो तसा. ओळंबा कड्याच्या आत, काठापासून चांगला सुटून पडायला हवा. काठाजवळ पडत असेल तर आवाज सोडा, झुला पुढे कलंडण्याचा धोका आहे. आमचा पाच बोटांवर होता. आई त्यात पाय वर घेऊन डुलकी काढायची, हे आठवून आताही पोटात गोळा येतो.

बाबांनी पहिल्यांदा खालच्या बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा सरकवला. तो पंधरा दिवसांत झोक्यांनी चिरला. मग सुमारे १० मिलिमीटर जाडीचं कडक रबर आणलं, त्याचे हातभर तुकडे कापून खालच्या अंगाला दोन-तीन ठिकाणी. मऊ रबर घेऊ नका, ते स्पंजासारखं दबतं आणि झुला पुन्हा डुगडुगतो. अख्ख्या कड्याखाली पट्टी घालायचा मोहही टाळा, पाणी अडेल आणि कडं पावसाळाभर डबक्यात उभं राहील. दांड्याचं तोंड आम्ही चढाकडे फिरवलं. कडुलिंब आता पाठीमागे गेलाय, आईची तक्रार आहे.

कुणीतरी सुचवेल की कडं सरळ अँकर बोल्ट मारून गच्चीत ठोका. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला चार भोकं पाडण्यासारखंच आहे ते, आणि पहिला डाग तुमच्याच बेडरूमच्या छतावर उमटेल. वजन हवं असेल तर कड्यावर पेव्हर ब्लॉक किंवा कडप्प्याचे तुकडे ठेवा. रेतीची पोती नको, रेती ओल धरून ठेवते.

जोड उघडला तेव्हा

एकदा पातळी धरली की जोड उघडल्याशिवाय सुटका नाही. आमचे बोल्ट ८ मिलिमीटरचे, त्यांना १३ चा पाना लागतो. दोन माणसं हवीतच, वरचा अर्धा खांब वाटतो त्यापेक्षा जड असतो. ओढून काढला तर आत तपकिरी लापशी, गंज, धूळ आणि आमच्या तीन तेलांची. तळाचं कडं उचलून तिरकं केलं तर आत खळखळ वाजलं. बोल्टच्या भोकातून विटकरी पाणी गच्चीवर पसरलं, कितीतरी वेळ येतच राहिलं. वरच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी कधी उडून गेली कुणास ठाऊक, तिथून पाऊस सरळ पाइपात. शिवाय कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं होतं, ते वेगळं.

साफसफाई अशी केली. टर्पेंटाईननं लापशी पुसली. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर आधी ८० नंबर आणि नंतर २२० नंबर, लोखंड राखाडी दिसेपर्यंत. कोटिंग फुगून पापुद्रा सुटला असेल तर तो पुरता खरवडा, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि वरून रंग मारला तरी तो खालून ढकलतच राहतो. त्यावर रेड ऑक्साइड प्राइमरचा हात, वाळल्यावर इनॅमल. जोडाच्या आतल्या भागाला मात्र प्राइमर अगदी पातळ. आम्ही उत्साहात जाड मारला आणि पाइप पाइपात जाईना, मग तोच पुन्हा घासून काढला, एक दिवस गेला.

घासून-घासून आमचा जोड ढिला झालेला. बाबांनी पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक कापून त्याची पट्टी आतल्या पाइपाला गुंडाळली, वर लिथियम ग्रीसचं बोट फिरवलं आणि वरचा पाइप ठोकून बसवला. जुगाड आहे, मान्य. पण लोखंडावर लोखंड घासणं थांबलं. ढिलाई याहून जास्त असेल, म्हणजे पाइप हातानं डुगडुगत असेल, तर पट्टीनं भागणार नाही, तो तुकडाच बदलायला हवा.

कड्याच्या तळाशी सगळ्यात खालच्या जागी ५ मिलिमीटरचं एक भोक पाडलं, वेल्डपासून लांब, आणि कापलेल्या काठाला प्राइमर. आता पाणी आत गेलं तरी बाहेर येतं. भोक फक्त कड्याला. खांबाच्या वाकलेल्या भागाला कधीच नाही, तिथे ताण मोठा असतो.

कसण्याचा क्रम आम्ही सुरुवातीपासून चुकवला होता. खोलीत आडवं ठेवून सगळे बोल्ट करकचून आवळले आणि मग उचलून गच्चीवर नेलं. तसं करायचं नाही. सगळे बोल्ट आधी हातानं लावायचे, झुला त्याच्या जागी उभा करायचा, पातळी बघायची, आणि मगच पाना. साध्या नटाऐवजी आतून नायलॉनची चकती असलेले नायलॉक नट घातले. तो बोटानं फिरायला लागला की त्याची पकड गेली समजा. आणि माझी एकमेव मौलिक भर: प्रत्येक नटावरून पाइपापर्यंत लाल नेलपॉलिशची एक रेघ. महिन्याकाठी नुसतं बघायचं, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पहिल्या आठवड्यात दोन रेघा तुटल्या, कसून नव्या ओढल्या, त्यानंतर एकही नाही.

एक गोष्ट घरी दुरुस्त करायची नाही. खांब कड्याला जिथे वेल्ड केलाय तिथे रंगात केसासारखी चीर आणि त्या चिरेतून गंजाची रेघ ओघळलेली दिसली, तर त्या क्षणापासून कुणी बसायचं नाही. वेल्डिंगवाल्याकडे न्यायचं, त्यानं आधी रंग घासून चीर कुठवर गेलीय ते बघायला हवं. रंगावरच टाका मारून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यायचं.

हुकाचं काय

वरचा हूक निर्दोष असतो असं मी म्हटलेलं नाही. तोही झिजतो. टोपली काढून हुकाच्या आतल्या वळणात बोट फिरवा. १० मिलिमीटरच्या सळईत मिलिमीटरभर खाच पडली असेल तर हूक किंवा कडी बदला, तेल नको. इथे वंगण म्हणून लिथियम ग्रीसच, मुगाच्या दाण्याएवढं, आणि त्याआधी जुनं पुसून. स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे: टोपली काढल्यावर वेटोळी एकमेकांना चिकटून बसली पाहिजेत. मध्ये कागद सरकत असेल तर स्प्रिंग ताणली गेलीय, नवी आणा. नवी बसवताना तिच्याबरोबरीनं थोडी सैल अशी मजबूत साखळी हुकातून घ्या, स्प्रिंग तुटली तर टोपली साखळीवर थांबेल. किल्ल्यांच्या जुडग्याला असतात तसल्या अडकवण्या लावू नका. वजनाचा आकडा कोरलेली घ्या.

आणि त्या १२० किलोबद्दल. माणूस हळू टेकला तर झुल्याला त्याचं वजन कळतं. धपकन बसला तर क्षणभर दुप्पट कळतं, उडी मारली तर त्याहून जास्त. उन्हाळ्याच्या सुट्टीत अमरावतीहून भाचा येतो, ब्याऐंशी किलोचा, आणि त्याला टोपलीत पाठीमागून झोकून द्यायची सवय. हिशेब तुम्हीच करा. मोठा झोका घेतला तरी तळाशी येताना भार वाढतो, ३० अंशांच्या झोक्याला सव्वापटीच्या थोडा वर. हे झोके देण्याचं वाहनच नाही, डुलण्याचं आहे. मुलांना बागेतला पाळणा आणि हा झुला यातला फरक आवाज चढवून सांगावा लागतो.

ऊन, कूलर आणि पाऊस

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. पण गच्चीवर काळ्या रंगाच्या झुल्याच्या दांड्याला हात लावलेल्या माणसाला तो आकडा खोटा वाटला नसेल. या उन्हात प्लॅस्टिकची वेत दोन-तीन उन्हाळ्यांत फुटायला लागते, सुरुवात नेहमी बसायच्या कडेपासून. पट्टी दुमडून बघा: घडीवर पांढरी रेघ आली की दिवस भरत आले. खरी वेत असेल तर ती उन्हानं नव्हे, कोरडेपणानं तडकते. तिला सावलीतला व्हरांडा बरा, आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा ओलं फडकं. दोरीचा झुला असेल तर पॉलिस्टरची दोरी घ्या. सुती कुजते, नायलॉन भिजलं की ताणतं, आणि स्वस्तातली पॉलिप्रॉपिलिनची उन्हात भुगा होते.

इथला खास शत्रू मात्र कूलर. आमचा झुला पहिल्या उन्हाळ्यात कूलरच्या बाजूलाच होता, गार वाटतं म्हणून. पंप सुरू असताना ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या बाजूच्या ओल्या गवती जाळ्यांमधून, बारीक तुषार उडतात, पाणी बोअरचं, जड, क्षारांचं. खांबाच्या त्या एका बाजूवर पांढरा थर बसला आणि बरोबर त्याच बाजूनं गंज आधी आला. दोघांत चार-पाच फूट अंतर ठेवा आणि पांढरा थर दिसला की ओल्या कपड्यानं पुसा, वाळू देऊ नका.

जूनच्या आधी येणाऱ्या वादळात टोपली शिडासारखी वारा धरते. आभाळ भरलं की ती हुकावरून काढून भिंतीशी ठेवायची, तेवढा वेळ नसेल तर खांबाला बांधून टाकायची. ताडपत्रीनं अख्खा झुला गच्च गुंडाळून ठेवलात तर आत घाम धरतो, खालून वारा राहील असं झाका.

नवा घेणाऱ्यांनी दुकानात एवढं तरी करावं: पाइपाचं उघडं टोक बघावं. १६ गेज म्हणजे पत्र्याची जाडी १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२, आणि गच्चीसाठी मी १८ च्या वाटेला जाणार नाही. टोपलीत बसून पुढे झुकावं, मागचं कडं उचलतंय का हे दुसऱ्यानं बघावं. कडं पुढच्या बाजूला टोपलीच्याही पुढे आलेलं हवं. छोट्या कड्याचे झुले देखणे दिसतात आणि जागाही कमी खातात, तरी नको.

एवढं सगळं करून आमचा झुला पावसाळा, हिवाळा काढून गेला. टक गेलं, करर्र गेली. तरी कोरड्या दिवसांत अगदी बारीक, किरकिर म्हणावी अशी, टोपलीतून येते. बाबांनी परत स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं. ती विणीची आहे, पट्टी पट्टीवर घासते. पाण्याचा हलका फवारा मारला की दिवसभर बंद होते. मी मारत नाही. आई बरोबर पाच वाजता वर जाते आणि तिला झोप लागली की किरकिर थांबते, तेव्हा मी चहा ठेवते.